फुलदाणीचं बूड

परवाच्या उन्हाळ्यात मी एक फुलदाणी घासायला घेतली. (संसारात मी स्वतःहून घासलेली ही पहिली वस्तू. दात धरले तर दुसरी.)

निमित्त झालं आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाचं. पाळकसाहेबांनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि मी भर सभेत हात वर केला. आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक पितळी फुलदाणी आहे. ती म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्याचं रिकामं कवच. माझे आजोबा याकोब पलटणीत खेचरं सांभाळायचे, त्यांनी ते बसऱ्याहून आणलं. ही हकीकत मी येणाऱ्याजाणाऱ्याला तीस वर्षं चहाबरोबर देत आलोय. आमची सौ. नॅन्सी त्या वेळी उठून आत जाते.

"विल्सन, कार्डावर साल पाहिजे," पाळकसाहेब म्हणाले. "नुसतं 'फार जुनं' चालणार नाही."

मग मी शेजारच्या रंगनाथ सुभेदारांना बोलावलं. त्यांची अख्खी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेलेली.

"सोपं हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. (मी शाळेत क्लार्क होतो, तेव्हापासून गल्ली मला भाऊसाहेबच म्हणते.) "कवचाच्या बुडाला शिक्का आन साल ठोकलेलं असतंय. उलटी करा आन वाचा."

उलटी केली. बुडावर काळा थर, डांबरासारखा. मी चिंच आणली, मीठ आणलं, बाह्या सारल्या. नॅन्सी दारात येऊन उभी राहिली.

"अहो, राहू द्या. बूड नका घासू."

"का?"

"उगाच."

बायकांना इतिहासाचं काही पडलेलं नसतं, असं मी सुभेदारांकडे बघून नुसत्या भुवईनं सुचवलं.

अर्ध्या तासानं बारीक टिंबाटिंबांचे आकडे वर आले. १२, मग ५, मग ९४.

"मराठी आकडं?" सुभेदार चष्मा पुसत म्हणाले. "तोफगोळ्यावर म्या तर कधी बघितलं न्हाईत."

"हिंदी पलटणींसाठी खास काढले असतील," मी म्हणालो. "बारा नंबरची तोफ, पाच नंबरचा कारखाना आणि साल अठराशे चौऱ्याण्णव."

तिथल्या तिथे पाळकसाहेबांना फोन लावून कार्डावर १८९४ छापायला सांगितलं. फोन ठेवल्यावर सुभेदारांनी हळूच विचारलं, "आजोबा तवा केवढं हुतं?"

मी बोटं मोजली. आजोबांचा जन्म शहाण्णवचा.

"नव्हतेच," मी म्हणालो. "पण गोळा आधीच करून ठेवला असेल."

"व्हय. वाट बघत बसला आसंल."

नॅन्सी अजून दारातच होती. "बारा, पाच, चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "यावरून तुम्हाला दुसरं काहीच आठवत नाही?"

"तोफेबद्दल?"

"घासा अजून."

घासलं. टिंबांची अक्षरं झाली. 'चि. विल्सन व चि. सौ. कां. नॅन्सी यांस सप्रेम भेट. मनकर्णाआत्या, राहाता.' आणि तो आकडा म्हणजे आमच्या लग्नाची तारीख. आहेराच्या भांड्यावर नाव घालतात तसं घातलेलं, फक्त फुलदाणीची शोभा जाऊ नये म्हणून बुडाला.

सुभेदार पंख्याकडे बघू लागले. प्रदर्शन चार दिवसांवर, कार्ड छापायला गेलेलं, आणि बायकोच्या आत्याचा आहेर मी तीस वर्षं आजोबांच्या नावावर खपवत होतो. आई 'आजोबांचं पितळी कवच घरात आहे' म्हणायची, आणि मी हीच धरून बसलो होतो.

"अगं, सांगायचं नाहीस का?"

"पहिल्याच वर्षी सांगायला गेले. तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, तुला काय कळतंय त्यातलं."

"मग आजोबांचं कवच?" मी विचारलं. त्यांची म्हणून घरात तेवढी एकच वस्तू होती.

ती आत गेली आणि शेंगदाण्याची चटणी कुटायचं काळंकुट्ट भांडं घेऊन आली. "सासूबाईंनी दिलं. म्हणाल्या, आजोबांचं आहे, जप. मी जपलं, आणि वापरलंही."

सुभेदारांनी फडक्यानं बूड पुसलं. शिक्का, इंग्रज सरकारचा बाण आणि इंग्रजी आकड्यांत १९१६. ते उठून उभे राहिले आणि त्या चटणीच्या भांड्याला त्यांनी कडक सलाम ठोकला. मला खरंच भरून आलं.

प्रदर्शनात नॅन्सीच्या अक्षरात नवं कार्ड लागलं. 'तोफगोळ्याचं कवच, १९१६. आणलं याकोब यांनी. जपलं नॅन्सीनं.' पाळकसाहेब येऊन तीनदा वास घेऊन गेले. घरी येताना मी अगदी खुशीत होतो.

"नॅन्सी," मी म्हणालो, "आता बारा मे मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या वर्षी बघच तू."

"आणि या वर्षी?" तिनं विचारलं.

मी खिशातली प्रदर्शनाची पत्रिका काढून बघितली. रविवार, १२ मे.