अडकलेलं म्हातारपण

इंजिनिअरने सकाळी नऊला म्हातारपण अंगावर चढवलं आणि साडेनऊला ते काही केल्या उतरेना. सांधे आवळणारे पट्टे, खिशांत वाळूच्या पिशव्या, बाह्यांना शिवलेले जाड हातमोजे आणि टोपीला शिवलेला धूसर चष्मा असा तो कंपनीतच शिवलेला पोशाख. तिशीतला माणूस त्यात शिरला की थेट ऐंशीचा व्हायचा. म्हाताऱ्यांना बसल्याजागी अलगद उभं करणारी आपली खुर्ची त्यात बसून एकदा तपासावी, एवढाच बिचाऱ्याचा हेतू होता. पण पाठीवरची चेन अडकली.

अकराला वृद्धाश्रमात खुर्ची दाखवायची होती. प्रतिस्पर्धी कंपनीही येणार होती. ऑर्डर हुकली तर त्याच्या विभागाला कायमचं कुलूप लागणार होतं.

"साहेब, कापून काढू?" त्याने वरिष्ठांना विचारलं.

"खबरदार! शिंप्याचे दोन महिने गेलेत त्यात. तसाच जा."

"पण मला धड दिसत नाहीये!"

"गिऱ्हाइकांना तरी कुठे दिसतंय? नीघ!"

वृद्धाश्रमाच्या दारातच कुणीतरी त्याचा हात मायेने धरला. "या आजोबा, बसा. घाबरू नका हं." खुर्चीने त्याला फुलासारखं उचललं.

"कसं वाटलं, आजोबा?"

"झकास!" तो मनापासून म्हणाला. टाळ्या पडल्या. मग त्याला कळलं, की खुर्ची प्रतिस्पर्ध्याची होती आणि हात त्यांच्या विक्रेत्याचा.

घाईघाईने तो स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसला. हातमोज्यातून बटण काही सापडेना. शेवटी तिघा आजोबांनी त्याला ओढून उभं केलं.

"एवढंसं बटण कुठल्या शहाण्याने केलं?" खरेदी समितीच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, कडाडल्या. त्यांना सगळे बाई म्हणत.

"मीच, बाई." त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. "हा पोशाख घालेपर्यंत कळलंच नव्हतं हो, तुमचं काय होत असेल ते."

बाईंनी वाळूच्या पिशव्या चाचपल्या, हातमोजे दाबून पाहिले. मग समितीची कोपऱ्यात कुजबुज झाली.

"खुर्च्या त्यांच्याच घेऊ," बाई म्हणाल्या. विक्रेता खुलला, इंजिनिअर मटकन बसला. "पण हा पोशाख केवढ्याला?"

"तुम्हाला कशाला, बाई?"

"आम्हाला कशाला? रविवारी आमची मुलं भेटायला येतात, त्यांना घालायचाय. प्रत्येकाला एकेक शिव. आणि माझ्या थोरल्याचा जरा सैल हं, तो अंगाने भरलेला आहे."