लाल दांड्याचा तवा

“पपांना जेवायला लावणं? डाव्या हाताचा खेळ!” हेशलनं बायकोला ठणकावून सांगितलं. “तू निवांत कामाला जा!”

पेशी पर्स उचलून निघाली. तिची आई, फ्रूमा, हिवाळ्यात गेली आणि वडिलांची अन्नावरची वासनाच उडाली. लाझर म्हणजे नुसता हाडांचा सापळा झाला होता. शुक्रवारपर्यंत खाऊ लागले नाहीत तर नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पेशी रोज रात्री दाराआड रडायची, हेशलला ते ऐकू यायचं, आणि म्हणूनच तो इतक्या मोठ्यानं बढाया मारत होता.

पण बढाईला आधार होता! ब्रुकलिनच्या डेलीत, म्हणजे ज्यू खाण्याच्या दुकानात, पास्ट्रामी हे खारवलेलं मांस कापण्यात त्याचा अर्धा जन्म गेलेला. बेत असा : छातीच्या मांसाचा खिमा, त्याची जाड टिक्की, वर धुरी दिलेल्या पास्ट्रामीच्या चकत्या, आंबवलेला कोबी, झणझणीत मोहरी, आणि हे सगळं राय धान्याच्या पावात दाबायचं. अख्खी डेली एका घासात!

सासरेबुवांच्या स्वयंपाकघरात दोन लोखंडी तवे टांगलेले होते. एक दुधाच्या पदार्थांचा, एक मांसाचा. ज्यू धर्मात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, म्हणून एकाची दुसऱ्यावर सावलीसुद्धा पडायची नाही. एकाच्या दांड्याला लाल रंग, दुसऱ्याच्या निळा. लाल म्हणजे मांस, हे हेशल झोपेतही सांगेल. त्यानं लाल उचलला.

टिक्की चरचरली, घरभर वास सुटला, आणि चमत्कार झाला! आतून चपला फरफटल्याचा आवाज आला. लाझर आपल्या पायांनी टेबलापाशी येऊन बसले.

“पास्ट्रामी?” ते म्हणाले.

“पास्ट्रामी, पपा!”

“दे.”

हेशलचा जीव भांड्यात पडला. भांडंच चुकीचं होतं.

म्हाताऱ्यानं बर्गर तोंडाशी नेला, आणि त्याची नजर शेगडीवर गेली.

“जावईबापू! तो फ्रूमाचा चीजच्या धिरड्यांचा तवा आहे!”

“पण दांडा लाल आहे!”

“या घरात लाल दुधाचा!”

“जगभर लाल मांसाचा असतो, पपा!”

“फ्रूमानं जगाला विचारलं नव्हतं! तिला लाल आवडायचा, रोज सकाळी धिरड्यांना ती तोच हातात घ्यायची! दुकानात इतकी वर्षं झोपा काढल्यास का?”

बर्गर बशीत आपटला. हेशलच्या डोळ्यांपुढे ती नळी नाचू लागली. पेशीला काय तोंड दाखवणार? घाबऱ्याघुबऱ्या त्यानं राबायना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

राबायनी शांतपणे सगळं ऐकलं. “एकच सांगा,” ते म्हणाले, “त्या तव्यात दुधाचं शेवटचं कधी केलं होतं? कालपासून आजवर केलं असेल, तर ती चव अजून तव्यात जिवंत आहे. बर्गर फेकून द्या. एक अख्खा दिवस उलटून गेला असेल, तर ती चव मेली. मग खायला हरकत नाही.”

हेशलनं लाझरकडे पाहिलं. लाझर तव्याकडे बघत होते.

“पपा, राबाय विचारताहेत.”

“ऐकू येतं मला.”

फोनमधून राबायांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“तिनं शेवटची धिरडी केली,” लाझर म्हणाले, “ती दवाखान्यात गेली त्या सकाळी. मी म्हटलं, करपलीत.” ते थांबले. “उलटला, राबाय. दिवस उलटला.”

“मग खा,” राबाय हळूच म्हणाले. “तवा मात्र आता ना दुधाचा, ना मांसाचा. विस्तवात लालबुंद करावा लागेल, जुनं सगळं जळून जाईपर्यंत.”

लाझरनी बर्गर उचलला. एक घास घेतला, मग दुसरा. हनुवटीवर मोहरी ओघळली, डोळ्यांतून पाणी ओघळलं. दोन्ही त्यांनी एकाच बाहीला पुसलं. बशी रिकामी झाली.

हेशलला राहवेना. “कसा झाला होता, पपा?”

“फ्रूमा असती,” लाझर म्हणाले, “तर हा बर्गर मला खाता आला नसता.”

“थँक यू, पपा!” हेशल छाती फुगवून म्हणाला.

ती तारीफ नव्हती, फ्रूमा असती तर आज सकाळीही त्या तव्यात धिरडी झाली असती, हे तवा विस्तवावर ठेवताना त्याच्या डोक्यात शिरलं.