धागा तुटेल अशी हवा

सुरतेतल्या आमच्या नवागाममध्ये शेजारच्या सुकलाल आप्पांना सकाळी 'कसे आहात?' विचारायची सोय नाही. विचारलं की उत्तर रॉटरडॅमचं मिळतं. "आठ डिग्री, बारीक पाऊस. पण हवा एक नंबर शे!"

एक नंबर म्हणजे काय, ते ऐका. आप्पांनी उभी हयात लूमवर काढली. हवा कोरडी पडली की धागा तुटायचा आणि शेठ ओरडायचा. म्हणून जगातलं कुठलंही शहर त्यांच्याकडे एकाच परीक्षेला बसतं. तिथे धागा टिकेल की तुटेल? मोंबासा पास. सिंगापूर पहिल्या नंबरात. दुबई साफ नापास. "तठे धागा काय, माणूसबी तुटी जाई!" मे महिन्यात सुरतेत घामाच्या धारा लागलेल्या असताना हा माणूस गॅलरीत उभा राहून म्हणतो, "काय फर्स्ट क्लास ओल शे!" मी साड्यांना लेस लावते. घामाचा डाग पडला की साडी परत येते. एकदा त्यांचा तो हवा बघायचा मोबाइलच बादलीत बुडवावा असं मनात आलं होतं.

पण बोलणार कसं? त्यांचा रवी मालवाहू जहाजावर फिटर आहे आणि काकू गेल्यापासून घरात आप्पा एकटेच. जहाज ज्या बंदराला लागणार, तिथली हवा ते आधी बघून ठेवतात.

गेल्या वर्षी जहाज कोरियातल्या बुसानला निघालं आणि वाटेत वादळ उठलं. रवीचा फोन बंद. पहिल्या दिवशी आप्पांनी मला वाऱ्याचा वेग सांगितला. दुसऱ्या दिवशी नुसतं "वारा शे" म्हणाले. तिसऱ्या दिवशी हवेचं नावच काढलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी फोन घेऊन दारात हजर. चष्मा घरी विसरलेला. "पोरी, रवीनं काय लिखेल शे, वाच."

इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता. ऊनू.

आता मी कोल्हापूरकडची, पण वाढले सुरतेत. आप्पांची अहिराणी मला अर्धीच कळते. आणि गुजरातीत ऊनू म्हणजे गरम! मला असा राग आला म्हणता! बाप इथे जीव मुठीत धरून बसलाय आणि हा दिवटाही हवाच कळवतोय?

"काही नाही आप्पा, तिकडे गरम होतंय म्हणे."

"गरम? अवं, शब्द काय शे तो सांग ना!"

"ऊनू."

आप्पा मटकन उंबऱ्यावरच बसले. मी घाबरून पाणी आणायला धावले, तर हे हसतायत आणि डोळ्यांतून धार. "अवं येडी, गरम नही! आमनी अहिराणी शे ती. उनू म्हंजे आलो! पोहचना मना पोऱ्या!"

मग मीही रडले. हुश्श झालं हो अगदी! चार दिवस माझीसुद्धा एक शिवण सरळ पडली नव्हती.

"उत्तर काय लिहू?" मी विचारलं.

"लिख, घर ये."

मी लिहिलं.

"नको, नको, पुसी टाक. त्यानं काममा मन लागाव नही. लिख, जेवना का?"

मी हो म्हटलं, पण पुसलं नाही. दोन्ही पाठवलं.