शेवटचा रुग्ण वगळण्याचे तत्त्वज्ञान

दवाखान्यात रुग्णांना नंबरानुसार पुकारणारा प्रोग्राम शेवटच्या रुग्णाला कधीच पुकारत नसे. दिवे मालवायला आलेल्या शिपायाला रोज बाकावर कुणीतरी बसलेलं सापडे. चूक तुझी नाही हे सिद्ध कर, नाहीतर सोमवारपासून घरी बस, असं साहेबांनी प्रोग्रामरला बजावलं होतं.

चूक त्याची नव्हतीच. ज्या संगणकीय भाषेत त्याने प्रोग्राम लिहिला होता, ती भाषाच कुठल्याही यादीतलं शेवटचं नाव गिळून टाकायची. म्हणून तो थेट भाषेच्या जनकालाच गाठायला त्या भाषेच्या वार्षिक संमेलनात गेला.

जनकाला भेटण्याची सोय चोख होती. रांग होती, दोरी होती, फोटोपुरतं हसू होतं. भाषेविषयी बोलायला मात्र मनाई होती. बोलल्याने फोटो हलतो.

तरी त्याने विचारलंच. "सर, शेवटचं नाव जातं कुठे?"

जनकाचा चेहरा उजळला. सकाळपासून त्याला भाषेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. "ती माझी चूक. घाईत राहून गेली. एका ओळीचं काम आहे, आत्ता करून टाकतो."

(इथे टाळ्या ठरलेल्या होत्या. त्या पुढे ढकलण्यात आल्या.)

संमेलनाच्या अध्यक्षबाई लगबगीने पुढे आल्या. जनकांना भाषा नीट कळलेली नाही, हे त्यांनी अत्यंत आदराने जनकांच्या नजरेस आणून दिलं. ती चूक नसून तत्त्वज्ञान आहे. त्यावर ग्रंथ आहेत, शिकवण्या आहेत, जेवणानंतर परिसंवाद आहे. शिवाय जाणती माणसं यादीच्या शेवटी एक खोटा माणूस बसवतात. भाषा त्याला गिळते, खरे वाचतात. आता दुरुस्ती केली तर हे सगळे खोटे एकदम जिवंत होतील. त्यांना पगार द्यावे लागतील, पेन्शनी सुरू होतील, काहींची ऑपरेशनंही होऊन जातील.

"पण मी पुस्तकात लिहिलंय तसंच केलं," प्रोग्रामर म्हणाला.

"तिथेच चुकलात," बाई म्हणाल्या.

दुरुस्ती नको, या ठरावावर मतदान पुकारलं गेलं. जनकाला मत नव्हतं, तो सभासद नव्हता. हात वर होऊ लागले तेव्हा बाई प्रोग्रामरच्या कानाशी वाकल्या. परिसंवादाला एक वक्ता कमी पडत होता. विषयाचा इतका ताजा अनुभव दुसऱ्या कुणाकडे नव्हता. साहेबांशी बाई स्वतः बोलणार होत्या.

त्याने बाकावरच्या माणसाचा क्षणभर विचार केला आणि हात वर केला.

(टाळ्या.)

जनकाला पुन्हा दोरीमागे उभं करण्यात आलं. हसू जरा उणं पडलं, पण फोटोत खपून गेलं.

प्रोग्रामरची नोकरी टिकली. प्रोग्राम निर्दोष ठरल्यामुळे त्यात बदल करण्याचं कारण उरलं नाही.

तुम्हाला चीड आली असेल. यायलाच हवी. पण त्या दवाखान्यात तुम्हीही गेला होतात. तुमचा नंबर वेळेवर लागला, आणि औषधं घेऊन निघताना बाकावरच्या माणसाला तुम्हीच म्हणालात, "बसा हो, आता तुम्हालाच बोलावतील."