ग्राबेनविंकेल पेठेतील काझिमिर मेंढ्याची कैफियत

देवळातील संताचे कृपेकरोन आणि पेठेतील बियरच्या पिंपांचे साक्षीने, फ्रांकोनिया प्रांती, झीगेलरॉइट कसब्यात, ग्राबेनविंकेल नामे पेठेत, देवळाचे वर्धापनाची जत्रा, जीस केर्वा म्हणतात, ते समयी जो रणसंग्राम जाहला, तो पाहणारांपैकी जे शुद्धीवर होते तितक्यांचे तोंडोन ऐकोन येथे लिहिला असे. चुकीचे असेल ते बियरचे. बरोबर असेल ते आमचे.

तरी पेठेत नोटबुर्गाबाई वीर्शिंग राहात. वय सदुसष्ट, शाळेचे शिपाईपणावरोन निवृत्त, डावा गुडघा नादुरुस्त, बाकी सर्व अंमल कायम. ईस्टरचे सुमारास बाईंनी एक पोरके कोकरू पदरी घेतले, त्याचे नाव काझिमिर ठेविले, आणि चुलीपाशी खोके मांडोन दर चार तासांनी गजराचे घड्याळ लाविले, आणि गजर होताच बाटलीने दूध पाजिले. मग काझिमिरास शिंगे फुटली, बाटली सुटली. परंतु कोठेही गजर वाजला की कान टवकारोन बाईंकडे धाव घ्यावी, हा दस्तूर सुटला नाही. शेजारी कोणी अंडी उकडावयास घड्याळ लाविले तरी स्वारी बाईंचे दारी हजर.

ऐसे असता ऑगस्ट महिन्यात जत्रामंडळाची सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष झेबाल्ड मास्तर, जे वाजंत्र्यांत ट्यूबा नामे थोरला कर्णाही फुंकीत, यांनी सवाल टाकिला की जत्रेचे नाचात बक्षीस द्यावयाचा मेंढा यंदा कोण देतो. ते समयी बाईंचे पाठीमागील खिडकी उघडी होती आणि मानेवर वाऱ्याचा झोत येत होता. त्या मुलखातील माणूस तोफेपुढे उभा राहील, परंतु मानेवरील झोतापुढे नाही. सबब बाईंनी खिडकी लावा म्हणावयास हात वर केला. मास्तरांनी इतिवृत्तात लिहिले की मेंढा वीर्शिंगबाईंकडोन. टाळ्या जाहल्या.

"अहो, मी खिडकीचं म्हणत होते!"

"खिडकी आजच्या विषयांत नाहीये, बाई," मास्तर म्हणाले. "मेंढा आहे."

आणि इतिवृत्तात एकवार लिहिले ते खोडावयाचे सामर्थ्य त्या मुलखात कोणासही नाही. बाईंनी तीन अर्ज केले. तिन्हींस पोहोच मिळाली.

जत्रेचे नाचाचा कायदा ऐसा की, सोमवारी दोनप्रहरी बारा जोड्यांनी सजविलेले झाडाभोवती नाचावे, आणि रोजमेरीचा एक गुच्छ हाती धरोन फेरा पुरा करावा, आणि मग तो पुढील जोडीस द्यावा. झाडास गजराचे घड्याळ टांगावे. ते पेठेतील सर्वांत थोर म्हातारीने लावावे, आणि कितीस लाविले हे तिजवाचोन कोणास ठाऊक नसावे. गजर होता गुच्छ ज्याचेकडे, मेंढा त्याचा. मागील पाच साले ही बाजी गुम्बर्ट खाटीक यांणी मारिली होती, आणि पाचही मेंढे मंगळवारी रश्श्यात गेले होते. यंदा तर खासे गुम्बर्ट यांणी आठ दिवस अगोदर दुकानाचे पाटीवर खडूने लिहिले: मंगळवारी मेंढ्याचा रस्सा, आताच नाव नोंदवा. बाई पाटीपुढे उभ्या राहोन लाल जाहल्या.

"त्याचं नाव काझिमिर आहे, गुम्बर्ट!"

"असं होय? मग नावानिशी लिहितो की बाई. ओळखीचं असलं म्हणजे गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

तेव्हा बाईंनी मनसुबा बांधिला की आपण जातीनिशी नाचोन काझिमिर सोडवावा. परंतु कायद्याने जोडी पाहिजे, आणि जोडीदार पेठेतीलच पाहिजे, आणि पेठेत रिकामे पुरुष एकच, ते एगीड त्साप्फ. रेल्वेचे वेळापत्रक खात्यातोन निवृत्त, बाईंचे भिंतीशेजारी, आणि अकरा वर्षे बाईंशी युद्ध चालू. युद्धाचे कारण कुंपणाचे झुडूप. अकरा वर्षांत उभयतांचे बोलणे चिठ्ठ्यांवाचोन जाहले नव्हते. ऐशियास बाईंनी निशाण खाली करोन त्यांचे दारीची घंटा वाजविली.

"त्साप्फसाहेब, नाचता का?"

"तुमचं झुडूप माझ्या हद्दीत वीतभर आलंय."

"मी नाचाचं विचारतेय."

"आणि मी आधी वितेचं सांगतोय."

मग दोन घटका खलबत होऊन तह ठरला. कलम पहिले, बाईंनी पुढील वसंतात झुडूप वीतभर छाटावे. कलम दुसरे, त्साप्फ यांणी नाचावे आणि बाईंचे डावे गुडघ्याकडील वळण सावकाश घ्यावे. सह्या जाहल्या, दोघांस एकेक प्रत, आणि तिसरी प्रत कशास ते कोणी विचारिले नाही.

ऑक्टोबर लागला, आणि जत्रेचे सोमवारी बाराचे ठोक्यास फौजा उभ्या राहिल्या. काझिमिर झाडास बांधिला, गळ्यात निळी फीत. सतरा वाजंत्र्यांनी ऐसा गजब केला की छपरावरील कवडे कसबा सोडोन गेले. एक वाजेतो सर्व क्षेम. परंतु एक वाजता, म्हणजे जेथोन त्या मुलखाचे कायद्याने दुपारची शांतता लागू होते, झाडासमोरील घराचे तिसरे मजल्यावरील भाडेकरीण तक्रारीचा कागद घेऊन खाली आली की गजराचे घड्याळ हा गोंगाट आहे.

"बाई, हा बँड ऐकू येत नाही का तुम्हाला?" मास्तर ओरडोन बोलले.

"बँडला परवाना आहे. मी वाचलाय. घड्याळाला आहे का?"

घड्याळास नव्हता. मग ऐसी तजवीज निघाली की घड्याळ लोकरीचे टोपीत घालोन वरोन दोन मोजे चढवावे, आणि गजर जाहला की नाही हे कान देऊन ऐकण्याचा जिम्मा खासे अध्यक्षांनी घ्यावा. अध्यक्षांनी जिम्मा घेतला आणि पुन्हा ट्यूबा फुंकू लागले.

पुढे युद्धास तोंड लागले. दोन जोड्या तहानेने पडल्या, एक जोडी भाजके सॉसेजचे वासाने फितूर जाहली, एकीत नवराबायकोचे भांडण लागोन ती मैदानातच फुटली. गुम्बर्ट कबिल्यासह नाचत होते, आणि त्यांचा डाव ऐसा की गुच्छ हाती आला म्हणजे पाऊल मुंगीचे, आणि गेला म्हणजे घोड्याचे.

"गुम्बर्ट, झोपलास का रे!" बाई मागोन गर्जल्या.

"वॉल्ट्झ आहे बाई, शर्यत नाही!"

बाईंचा गुडघा बेलाग किल्ल्याप्रमाणे अडोन बसला. त्साप्फ शर्थ करीत होते, परंतु तोंडाने मिनिटे मोजीत होते, आणि मोजता मोजता बाईंचे पायावर पाय देत होते. मग एक वाजोन एक्केचाळीस मिनिटांनी बाईंचा फेरा पुरा जाहला, आणि गुच्छ पुढे द्यावयाचा तो नेमका गुम्बर्ट यांसी. बाईंनी सोडवेना. खाटिकाने ओढिला, बाईंनी धरिला.

"सोडा बाई, नियम आहे!"

"सोडतेय की!" ऐसे म्हणत बाईंनी मूठ आणीक आवळली.

तोच टोपीत आणि दोन मोज्यांत गजर जाहला. मनुष्यमात्रास ऐकू आला नाही. परंतु काझिमिरने कान उभारिले, दोर तोडिला, आणि चार पायांनी एकच हल्ला करोन बाईंकडे आला. आला तो दोघांचे मधोन. आणि येता येता, बाटली नाही तर गुच्छच सही, ऐसे मनी आणोन गुच्छ दातांत धरोन हिसकाविला. खाटीक पाठीवर पडले. वाजंत्री थांबली. मास्तरांनी टोपी काढोन पाहिली तो घड्याळ आत थरथरत होते.

तत्काळ मंडपात मंडळ बसले. बारा सभासद, आणि गुम्बर्ट त्यांतलेच एक.

"गुच्छ माझ्या हातात होता!"

"तुझ्या हातात दोन पानं होती," बाई म्हणाल्या. "गुच्छ हा बघ, चावतोय अजून."

मग त्साप्फ उभे राहिले. त्यांणी नियमांचे पुस्तक गाडीचे वेळापत्रक वाचावे तैसे वाचिले, की गजर होता गुच्छ ज्याचेकडे, मेंढा त्याचा. ज्याचेकडे म्हणजे मनुष्याकडे, ऐसे कोठे लिहिले नाही. सबब मेंढा मेंढ्याचा.

"अरे पण तो पेठेतला नाही!" गुम्बर्ट टेबलावर हात आपटोन बोलले.

त्साप्फ यांणी काझिमिरचे कानातील पिवळा सरकारी बिल्ला दाखविला. बिल्ल्यावर नंबर, नंबरामागे दफ्तरात पत्ता, आणि पत्ता ग्राबेनविंकेल, घर सात.

मास्तरांनी घाम पुसोन हुकूम फर्माविला की नियमाचा नवा अर्थ लावणे तरी एकमत पाहिजे. एक हात जरी खाली राहिला तरी मेंढा मागील सालचे विजेत्याकडे जाईल. अकरा हात वर गेले. गुम्बर्ट यांणी हाताची घडी घातली आणि हसले.

बाईंनी काझिमिरकडे पाहिले. त्याचे हनुवटीस रोजमेरी लागली होती. मग बाईंनी गुम्बर्टकडे पाहिले. चार घटका नाचोन त्यांचा सदरा घामाने चिंब, मान भिजलेली, आणि पाठीमागे मंडपाची कनात. बाई उठल्या, लंगडत मागे गेल्या, आणि कनातीची दोरी सोडली.

ऑक्टोबरचा वारा आत आला. प्रथम गुम्बर्ट यांणी खांदे उचलले. मग कॉलर वर केली. मग मान डावीकडे, मग उजवीकडे. डोळ्यांपुढे लकवा दिसो लागला. सरतेशेवटी त्यांचा हात आपोआप वर गेला.

"अरे, झोत येतोय! ती कनात लावा कोणीतरी!"

"बारा," मास्तर म्हणाले, आणि लिहिले.

"अहो मास्तर, मी कनातीचं म्हणतोय!"

"कनात आजच्या विषयांत नाहीये, गुम्बर्ट."

येणेप्रमाणे काझिमिर याणे काझिमिरास जिंकिले, आणि मंडळाचे एकमताने आपला कबजा आपणास घेतला, आणि राहावयास घर सात पसंत केले. मंगळवारी खाटिकाचे पाटीवर बटाट्याची कोशिंबीर लिहिली गेली. तहाचे कलम पहिले, जे पुढील वसंतात अमलात यावयाचे, ते काझिमिरने त्याच सायंकाळी अमलात आणिले. वीतभर म्हणता सगळे झुडूप खाल्ले, आणि अकरा वर्षांचे युद्धास कारण उरले नाही. उभयतांस काही दिवस फार सुने वाटले. मग त्साप्फ यांणी चिठ्ठी टाकिली की आपला मेंढा माझे हद्दीत वीतभर येतो. बाईंनी उलट चिठ्ठी टाकिली की मेंढा माझा नाही, त्याचा त्यासच लिहावे. त्साप्फ यांणी लिहिले. चिठ्ठी पोहोचली, काझिमिरने ती खाल्ली. इति नोंद.