परदेशी, शिकणाऱ्या महिला

‘परदेशी शिकणाऱ्या महिलांसाठी विज्ञान शिष्यवृत्ती’ ही योजना आमच्या शाखेत अकरा वर्षे सुरळीत चालू होती. या काळात एकाही अर्जदाराची तक्रार आली नाही, कारण एकही अर्जदार आला नाही. उत्कृष्ट कामकाजाची ढाल आम्हाला दोनदा मिळाली. मी शाखेचा कारकून. ढाल पुसण्याचं काम माझ्याकडे असतं.

अशा सुखाच्या दिवसांत एक मुलगी मावशीला घेऊन आली. मावशी शिवणकाम करणारी, गळ्यात टेप तसाच. मुलीला प्लॅस्टिक खाणाऱ्या बुरशीवर संशोधन करायचं होतं. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरपर्यंत शिष्यवृत्तीचं पत्र दाखवलं नाही तर जागा जाणार होती. मी नियम वाचला आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं.

“तुम्ही शिकणाऱ्या आहात, महिला आहात. पण परदेशी कुठे आहात?”

“परदेशी म्हणजे परदेशात हो, काका.”

“तसं असतं तर ‘परदेशात’ लिहिलं नसतं का?”

“अहो, पण परकी बाई शिकायला इथल्या खिडकीत कशाला येईल?” मावशीने विचारलं.

“धोरण आहे,” मी म्हणालो. धोरण म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही, म्हणून तर ते ठेवलेलं असतं.

साहेबांनी अर्थनिर्णय समिती नेमली. सात पुरुष. महिला सदस्याची जागा रिकामी राहिली, कारण ती सदस्य परदेशी हवी की नको, हेच ठरेना. ‘परदेशी’नंतर मुळात स्वल्पविराम होता का, यावर समितीने नऊ दिवस खल केला. शेवटी मूळ प्रतीत एक ठिपका सापडला. भिंगाखाली पाहिल्यावर ती माशीची करामत निघाली. पण माशी सरकारी कागदावर बसली होती, तेव्हा स्वल्पविराम ग्राह्य धरण्यात आला. अर्जदाराने आधी परदेशी व्हावं, मग अर्ज करावा, असं ठरलं.

मुलगी खमकी. चार दिवसांत तिने विद्यापीठाचं पत्र आणलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘आपण आमच्या परदेशी विद्यार्थिनी आहात.’ शाखेत आनंदीआनंद झाला. मी शिक्का उचलला, त्यावर फुंकरही मारली. तेवढ्यात साहेब म्हणाले, “परदेशी आहे, तर इथला रहिवासी दाखला कसा जोडलाय? व्हिसा बघा तिचा.”

“मी मागच्या गल्लीत राहते, काका.”

“कधीपासून?” मी विचारलं. “पोलिसांत नोंद केलीत?”

मावशीने गळ्यातला टेप काढून माझ्या डोक्याचा घेर मोजला. “एवढ्या मोठ्या जागेत राहतं कोण?” ती म्हणाली. “त्याचीही नोंद करून घ्या.”

तोडगा मात्र मीच शोधला. दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांनी ‘ही आमच्यासमोर लहानाची मोठी झाली’ असं लिहून दिलं, तर परदेशी व्यक्तीलाही स्थानिक मानता येतं. महिन्याचा शेवटचा दिवस होता. तिच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी उभ्याउभ्या सही दिली. दुसरे शेजारी ‘बघतो’ म्हणाले. पाच वाजले. मुलगी आमच्या जिन्यात बसून रडली. मला फार वाईट वाटलं, पण कार्यालयीन वेळ संपली होती.

रात्रीतून विद्यापीठानेच कळवलं, की परदेशी विद्यार्थिनींसाठी त्यांची स्वतःची शिष्यवृत्ती आहे. अर्ज चार ओळींचा. मुलगी गेली. आता सहा वर्षांनी तिची बुरशी जगभर प्लॅस्टिक खाते आहे, आणि आम्ही तिला आमची पहिली लाभार्थी म्हणून जाहीर केलं आहे. येत्या रविवारी सत्कार. तिसरी ढाल नक्की.

फक्त फाइलमध्ये एक त्रुटी आहे. दुसऱ्या शेजाऱ्याची सही. ‘बघतो’ म्हणताना ‘एवढं शिकून पुढे करायचंय काय?’ असंही तुम्ही विचारलं होतं, हे मावशीने शेऱ्यात लिहून ठेवलं आहे. काल तुम्ही ‘आपल्या गल्लीची लेक’ म्हणून सगळ्यांना तिचा फोटो पाठवलात, तो मलाही आला. तेव्हा रविवारी पहिल्या रांगेत बसण्याआधी खिडकीवर येऊन जा. पेन इथेच दोरीला बांधलेलं आहे.