जावयाची भिंत

सोमनाथचा जुना मॉनिटर दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी, कुणाला फारसा त्रास न देता गेला. आधी डावा कोपरा काळा पडला, मग एक हिरवी रेघ आली, आणि सुरेखा चहा घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. अकरा वर्षांची सोबत. सोमनाथ कितीतरी वेळ खुर्चीत गप्प बसून राहिला. (माझ्या आजारपणात एवढे गप्प बसले नव्हते, असं सुरेखाचं म्हणणं आहे. पण ते तिचं म्हणणं.)

दुःखाला कारणही तसंच होतं. सोमनाथ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. साहेब कागदावर चार फराटे मारायचे, त्या फराट्यांचं घर सोमनाथ करायचा आणि खाली सही साहेबांची व्हायची. शहरात त्यानं रेघा मारलेली दोनशे तरी घरं उभी असतील, पण एकाच्याही कागदावर त्याचं नाव नाही. अशा माणसाला महिन्यापूर्वी देवगाव रंगारीहून सासऱ्यांचा, म्हणजे बद्रीनाथरावांचा, फोन आला होता. "नवं घर बांधायचं म्हणतो, जावईबापू. नकाशा तुमीच काढा."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत सासरकडच्यांनी त्याला "जेवले का?" याच्यापुढे काही विचारलं नव्हतं. त्या रात्री सोमनाथला झोप लागली नाही. घरी बसून, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या नावाचं पहिलं घर! आणि ते बघायला बद्रीनाथराव येत्या गुरुवारी उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी येणार, तर सोमवारी मॉनिटर गेला.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

"कर्व्ह घेऊ का फ्लॅट?"

"आधीचा कसला होता?" सुरेखानं कणीक मळता मळता विचारलं.

"फ्लॅट."

"त्यानं काय वाईट केलं होतं?"

"तसं नाही. कर्व्ह म्हणजे थोडा वाकलेला असतो. डोळ्याला बरा म्हणतात. मान कमी फिरवावी लागते."

"घर काढायचंय का मान फिरवायचीय?"

ऑफिसात साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "दिवसभर हिशेबाचे तक्ते बघायचे तर कर्व्ह बरा. आपलं काम रेघांचं. आपण गुपचूप फ्लॅट घ्यावा." सल्ला अगदी रास्त होता. पण अकरा वर्षं ज्या माणसानं आपल्या कामावर सही ठोकली, त्याचंच घरच्या खरेदीतही ऐकायचं म्हणजे काय? सोमनाथचा अभिमान तिथंच जागा झाला. शहाण्या माणसाचा अभिमान असा चुकीच्या दुकानासमोर जागा होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

पैठण गेटजवळच्या दुकानदारानं तर त्याला खुर्चीतच बसवलं आणि समोर चौतीस इंची कर्व्ह लावला. "भाई, एक बार इसपे काम करके देखो. दूसरे को हात लगाने का दिल नई करेगा." सोमनाथनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडून पडदा त्याच्याकडे वळला होता. आयुष्यात त्याच्याकडे असं कुणी वळून बघितलं नव्हतं. घेतला.

घरी तो टेबलावर मावेना. लग्नाचा फोटो उचलून फ्रीजवर ठेवावा लागला. सुरेखानं फ्रीजचं दार दोनदा उघडून दोनदा आपटलं.

आता इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. असल्या पडद्यासमोर नाकासमोर मधोमध बसलं, की सरळ रेघ सरळच दिसते. पण उभं राहून वरून पाहिलं, की आडव्या रेघा मधे फुगून येतात, वाऱ्यावर वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या. सोमनाथ कायम मधोमध बसायचा. त्यामुळं त्याच्यापुरतं जग ठीकठाक होतं.

गुरुवारी बद्रीनाथराव आले. सहा फूट उंच माणूस, धुवट धोतर, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. सोमनाथनं नकाशा उघडला आणि खुर्ची पुढे केली.

"बसा की मामा."

"नाय, नाय. तुमी बसा. काम तुमचं हाय."

जावयाच्या घरी, जावयाच्या खुर्चीत, जावयाला उभं ठेवून बसायचं? बद्रीनाथरावांच्या हातून असलं काही होणं शक्य नव्हतं. ते सोमनाथच्या खांद्यामागे ताठ उभे राहिले आणि सहा फुटांवरून खाली बघू लागले.

सोमनाथ बोलत होता. "ही दर्शनी भिंत, बत्तीस फूट. इथं बैठक. इकडं देवघर, पूर्वेला तोंड. मामींचा ओटा खिडकीपाशी." बद्रीनाथरावांचं बोट मात्र दर्शनी भिंतीवरून हवेतल्या हवेत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. परत आलं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं.

"लई मोठा हाय," ते म्हणाले.

"काय मामा? हॉल?"

"टीव्ही."

मोठा प्रिंट ऑफिसातून आठवड्याभरात काढून देतो, असं सोमनाथ म्हणाला. "काहून तरास घेता? फोटू हाणतो की," म्हणून बद्रीनाथरावांनी उभ्या उभ्याच मोबाइलमध्ये नकाशाचा फोटो घेतला. आकडे ठळक आले होते. ते खूश दिसले. (खूश दिसले, असं सोमनाथला दिसलं.)

प्रिंट काही गेला नाही. सोमनाथ रोज संध्याकाळी जिना चार इंच इकडे, परत चार इंच तिकडे सरकवत बसला. पहिलं घर, अगदी निर्दोष झाल्याशिवाय कागदावर उतरवायचं नाही, असा त्याचा निश्चय. तिकडे मुहूर्त निघाला, पाया खोदला. फोनवर बद्रीनाथराव सांगायचे, "काम झकास चालूय." एकदा मात्र अडखळले. "जावईबापू, ती म्होरची भिंत जरा... नाय, काय नाय. तुमी काढलंय म्हणल्यावर बरोबरच असंल." सोमनाथला भरून आलं. इतका विश्वास आपल्यावर आजवर कुणी टाकला नव्हता, असं तो सुरेखाला दोनदा म्हणाला.

माघात चौकट बसवायचं ठरलं आणि लेक-जावयाला बोलावणं आलं. सोमनाथनं नवा शर्ट शिवला.

मोटरसायकल थांबवून तो उतरला आणि उतरलेल्या जागीच उभा राहिला.

घर कमरेइतकं वर आलं होतं. बत्तीस फुटांची दर्शनी भिंत या कोपऱ्यातून निघून सावकाश रस्त्याकडे झुकत, मधे चांगली दीड फूट पोट काढून, त्या कोपऱ्याला जाऊन मिळाली होती. मागची भिंतही तशीच, त्याच दिशेला. काम अत्यंत देखणं होतं. एकेक वीट मोजून-मापून वाकवली होती. कडुबा मिस्त्री थापी घेऊन बाजूला उभे होते, मान खाली.

"अगं बाई," सुरेखा पुटपुटली. "हे तर आपल्या पडद्यावरचं."

"काय?"

"मी रोज पुसते ना तो. उभं राहिलं की अशीच दिसते भिंत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, काढलीयच तशी. आणि तुम्हाला मधे बोललेलं कुठं चालतं?"

तेवढ्यात वाजंत्री लागली. सोमनाथला टॉवेल-टोपी झाली, हातात नारळ आला. गावातले झाडून सगळे आले होते आणि जो तो भिंतीपाशी थांबून मान डोलावत होता. "डिझाइन हाय ही, साधं काम नाय," एक म्हातारा म्हणाला. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "मोठ्या शहरांत हल्ली अशीच बांधतात. आपल्या तालुक्यात पहिली." "व्हय, व्हय, जावई भारी हाय बद्रीनाथाचा!" सारजाबाई, म्हणजे सासूबाई, कौतुकानं सगळ्यांकडे बघत होत्या. सोमनाथनं नारळ फोडला. तो मात्र सरळ फुटला.

जेवायला पुरणपोळी होती, येळवणी होती, पण सोमनाथ पोळीचा एकच तुकडा ताटात फिरवत राहिला. आतापर्यंत ज्याला कुणी हुंगत नव्हतं, त्याला आज गावानं डोक्यावर घेतलं होतं, आणि तेही त्याच्या चुकीसाठी. गप्प बसलं तर कुणालाच कळणार नव्हतं. भिंत उभी राहील, वर स्लॅब पडेल आणि बद्रीनाथरावांनी उभा जन्म राबून बांधलेल्या घरात एक कपाट कधी भिंतीला टेकणार नाही. मामी पुढची वीस वर्षं त्या फटीतून झाडू फिरवतील आणि म्हणतील, जावयाचं डिझाइन. आणि खरं बोललं, तर अकरा वर्षांनी मिळालेली इज्जत जेवणाच्या ताटावरच जाईल.

त्यानं सुरेखाकडे पाहिलं. ती वाढता वाढता थांबली आणि एवढंच म्हणाली, "सांगून टाका. मी आहे."

आता सोमनाथला इथवर आपण सगळ्यांनी हसून घेतलंय, मीही घेतलंय. पण त्या दुपारी तो पानावरून उठला, हात धुतले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि विटांच्या थप्पीपाशी जाऊन सासऱ्यांसमोर उभा राहिला. कडुबा मिस्त्री तिथंच तंबाखू मळत होते. सारजाबाई विडे घेऊन आल्या होत्या.

"मामा, माझं चुकलं," सोमनाथ म्हणाला. "ही भिंत मी अशी काढलेली नाही."

कडुबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"माझा पडदा वाकलेला आहे. कर्व्ह म्हणतात त्याला. तुम्ही उभ्यानं पाहिलं, उभ्यानं फोटो घेतला, म्हणून रेघ तशी आली. नकाशात भिंत सरळ आहे. साहेबांनी मला सांगितलं होतं की तसला घेऊ नको. मी ऐकलं नाही. प्रिंट देतो म्हणालो, तोही दिला नाही. तुमची भिंत माझ्यामुळं गेली. माझ्या खर्चानं पाडू, मी स्वतः सुट्टी काढून उभा राहतो. पण मला कौतुक नको. मी त्या कौतुकाच्या लायक नाही, मामा."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले. बद्रीनाथरावांनी कडुबांकडे पाहिलं. कडुबांनी सारजाबाईंकडे पाहिलं. सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्या म्हणलं व्हतं," कडुबा हळूच म्हणाले. "पाया आखाया चुन्याची फक्की टाकली त्याच दिशी म्हणलं, ही रेघ चुकलीया. दोरी लावून सरळ करून घेतो, कुणाला कळायचं बी नाय. तर ही बाई दोरीच हिसकून घ्यायला लागली."

"मग काय करू?" सारजाबाई म्हणाल्या. "जावयाची चूक काढायची व्हय? उद्या पोरीला बोल लावला त्यांनी म्हंजी? मी ह्यांना म्हणलं, आवं, वाकडी तर वाकडी. भिंतीचं काय घिऊन बसलात? पोरीचं सुखात चाललंय ना? गावाला बी सांगून ठिवलं, कुणी नावं ठिवायची नाय. चांगलंच म्हणायचं. गुरुजी बिचारे नाय म्हणत व्हते, त्यांना दोनदा चहा पाजला."

सोमनाथ टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणजे ते कौतुक, त्या डोलणाऱ्या माना, तो जावई भारी... तो मटकन विटांवरच बसला.

बद्रीनाथराव मात्र अजून विचारात होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते जावयाच्या शेजारी बसले आणि खरोखरीच्या आश्चर्यानं त्यांनी विचारलं,

"मंग, जावईबापू, तुमाला सरळ रेघ काढता येती?"

"येते, मामा."

"खरंच येती?"

"रोजचं कामच आहे माझं."

बद्रीनाथरावांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की सुरेखाच्या लग्नातही ते सोमनाथला दिसलं नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलं का गं, येती म्हणत्यात त्यांना!" असं सारजाबाईंना मोठ्यानं सांगितलं. मग कडुबांकडे वळून, जावयाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण सगळ्यांना नीट ऐकू गेलं, असं म्हणाले,

"उद्या पाडायला घे. पण दोरी तूच धर."